होळीच्या आत एक सकाळ: कोथरूड-एरंडवण्यातल्या फेरीची तयारी

काटेसावर, म्हणजे लाल फुलांचं सावरीचं झाड, फुलते तेव्हा तिच्या अंगावर पान जवळजवळ नसतं, म्हणून पुण्यातली ही झाडं बघायची फेरी होळीच्या आत व्हायला हवी. आधी दोन-चार दिवस कामाला येता-जाता एखादं फुललेलं झाड हेरून ठेवा. प्रभात रोडच्या गल्ल्या, कॅनॉल रोड, महात्मा सोसायटीकडचा चढ, घराजवळ जे असेल ते. सगळं कोथरूड एका सकाळी पालथं घालायचं नाही. एका सावरीखाली अर्धा तास थांबा. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कावळे मधासाठी तिथेच येतात. नशिबात असेल तर पळसमैनांचा, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या गुलाबी मैनांचा, थवाही उतरतो. या पाहुण्या एप्रिलच्या सुमारास परत निघतात, तेव्हा चालढकल नको.

रविवारी सातला बाहेर पडा. गाड्या वाढल्या की तांबट पक्ष्याचं टुक-टुक ऐकू येत नाही. फेब्रुवारीत पुण्याची सकाळ गार आणि दुपार तापलेली, त्यामुळे सुती कपड्यांवर पातळ जर्किन, सोबत टोपी आणि पाणी. वर बघत चालायचं असतं आणि फूटपाथचे ब्लॉक उखडलेले असतात, म्हणून चपला नकोत, बूटच घाला. परागांनी शिंका येत असतील तर मास्क. दुर्बीण नसली तरी अडत नाही, सावरीचं फूल तळहाताएवढं असतं.

वावळ्याच्या झाडासाठी मात्र नजर तयार करून जा. उघड्या फांद्यांना पोपटी पालवी फुटल्यासारखी दिसते, पण ती पानं नसतात. चपटी, गोल फळं असतात ती. मधे बी आणि भोवती कागदासारखा पातळ पंख. वाळली की वाऱ्यावर दूर जातात. हे झाड रोजच्या रस्त्यावर असूनही ओळखणारे फार थोडे, आणि मला या फेरीत सावरीपेक्षाही तेच जास्त आवडतं.

टेकडीकडे वळलात तर दिसणारा फिकट गुलाबी बहर गिरिपुष्पाचा. देखणा आहे, पण झाड मध्य अमेरिकेतलं, मुद्दाम लावलेलं; बिया विषारी, मुलांना हात लावू देऊ नका.

झाड सोसायटीच्या आवारात असेल तर आधी वॉचमनकाकांना विचारा: "काका, सावर बघून लगेच येतो." बहुतेक वेळा हो म्हणतात. फुलं तोडू नका, खाली सडा पडलेला असतोच. पुढची फेरी पाडव्याच्या आठवड्यात ठेवा. तोवर करंजाला नवी पालवी आणि कडुनिंबाला फुलोरा आलेला असेल.