दुबईत लेबनीज हॉटेलात जाताय?
टेबल मागतानाच सांगून टाका, शिशा (म्हणजे हुक्का) नको, धूर नसेल तिथे बसवा. हुक्क्याची बैठक बहुधा बाहेर गच्चीवर असते, पोरंबाळं सोबत असतील तर तिकडे फिरकूच नका.

आधी फक्त मेझ्झे, म्हणजे सुरुवातीचे छोटे पदार्थ, मागवा: हमस (काबुली चण्यांची चटणी), मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं भरीत), फत्तूश (कुरकुरीत रोटीचे तुकडे घातलेलं सॅलड), फलाफल (चण्याचे वडे). सोबत गरम खुब्ज (अरबी रोटी) येतोच, त्यात निम्मं पोट भरतं. ग्रिलचं नंतर बघू म्हणा. शाकाहारी मंडळींनी द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत खिमा आहे का, हे विचारावंच. दोन्ही प्रकार मिळतात. किब्बेत (दलियाच्या गोळ्यांत) मात्र मांस धरूनच चाला.

हुक्का ओढायचाच असेल तर दर आधी बघा, तो हमसच्या वाटीपेक्षा बराच महाग पडतो. आणि पाण्यातून आला म्हणून धूर निर्धोक होत नाही.