अपडेट 'सक्सेसफुल' कधी मार्क करायचं

फील्डवर शेकडो गेटवे किंवा कियॉस्कसारखी लांबून अपडेट होणारी डिव्हाइसेस असतील तर ए/बी पार्टिशन (स्टोरेजच्या दोन बाजू, प्रत्येकीत सिस्टिमची एक प्रत) ठेवाच, नवीन फर्मवेअर (डिव्हाइसचं आतलं सॉफ्टवेअर) रिकाम्या बाजूला उतरतं आणि जुनं शाबूत राहतं, हे बहुतेकांना माहितीये. पण नुसतं बूट झालं म्हणून अपडेट सक्सेसफुल मार्क करू नका, कारण मोडेमचा ड्रायव्हर गंडला असेल तर डिव्हाइस चालू असूनही तुमच्या हातातून गेलंच ना, मग माणूस पाठवा तिकडे! नवीन बाजूवरून सर्व्हरला हार्टबीट ('मी चालू आहे' असा छोटा मेसेज) गेला, उत्तर परत आलं, की मगच मार्क करा, ठरलेल्या वेळात नाही जमलं तर रीबूट. यू-बूट (डिव्हाइस सुरू करणारा बूटलोडर) असेल तर बूटलिमिट, म्हणजे बूटचे किती प्रयत्न चालतील ते, ३ वगैरे ठेवा आणि ऑल्टबूटकमांडमध्ये जुनी बाजू द्या, मोजणी ओलांडली की आपोआप मागे येतं. एक लफडं आहे, रोलआउट (सगळीकडे अपडेट पाठवणं) चालू असताना सर्व्हरच पडला तर उत्तर न मिळाल्यामुळे धडधाकट डिव्हाइसेस पण मागे जातात, म्हणून आधी थोड्यांवरच सोडा. हार्डवेअर वॉचडॉग (सिस्टिम अडकली की रीबूट करणारा टायमर) चालू हवाच, कर्नल (सिस्टिमचा गाभा) लटकला तर रीबूट करणार कोण? आणि हो, सर्व्हर परत उठला की सगळी डिव्हाइसेस एकदम त्याच्यावर तुटून पडतात, तेव्हा रीट्रायचा गॅप दर वेळी दुप्पट करा आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळा.