वजन उतरत नसेल तर आधी झोप तपासा

पोळ्या मोजून खाल्ल्या, साखर सोडली, रोज सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला गेलात, तरी वजनाचा काटा जागचा हलत नाही? मग ताटाआधी रात्रीकडे बघा.

झोप अपुरी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं आणि इन्सुलिनही नीट काम करत नाही. उलट बाजूने, मान आणि जिभेभोवती चरबी साठली की झोपेत श्वासाची वाट अरुंद होते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि रक्तदाब उसळतो. हे रात्रभर चालतं, पण झोपणाऱ्याला सकाळी त्यातलं काही आठवत नाही. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. म्हणून वजन आणि झोप, दोन्हींवर एकदमच काम करावं लागतं.

सुरुवात ऐकण्यापासून करा. ‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय’ हा समज आधी मनातून काढा. खोलीत सोबत झोपणाऱ्याला विचारा. एकटे राहत असाल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. घोरणं एकदम थांबतं, काही क्षण शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, असं असेल तर ती धोक्याची खूण आहे. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री लघवीला वारंवार उठणं, दुपारी खुर्चीतच डोळा लागणं, हेही वहीत लिहा. बायकांमध्ये घोरणं ठळक नसलं तरी थकवा आणि तुटक झोप असू शकते; पाळी गेल्यावर धोका वाढतो. दोन आठवड्यांची नोंद पुरेशी आहे.

आता शिवणकामाची टेप घ्या. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर असेल, किंवा गळ्याचा ४० च्या वर असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानच्या एम्समध्ये कान-नाक-घसा आणि श्वसनरोग विभाग आहेत. झोपेची तपासणी तासाला किती वेळा श्वास अडला ते दाखवते: पाचच्या आत ठीक, तीसच्या वर गंभीर. सोबत थायरॉइड, साखर आणि रक्तदाबही बघून घ्या. तोवर डुलकी येत असेल तर समृद्धी महामार्गावर स्वतः गाडी चालवू नका. तो सरळसोट रस्ता झोप आणतोच.

आपल्याकडे खरी अडचण संध्याकाळची आहे. इतवारी-गांधीबागेतलं दुकान वाढवून घरी यायलाच उशीर होतो, मग साडेदहाला तर्रीदार जेवण आणि लगेच अंथरूण. त्याने छातीत जळजळ होते आणि झोप मोडते. जेवण झोपेच्या तीन तास आधी घ्या. जमत नसेल तर दुकानातच सातला भाकरी-भाजी खा आणि घरी ताक घ्या. सावजी खायचंच असेल तर रविवारी दुपारी खा. जेवणानंतरचा खर्रा बंद करा. तंबाखूतलं निकोटीन झोप उडवतं, आणि तोंडाचं जे नुकसान होतं ते वेगळंच. चहा दुपारी चारनंतर नको. दारूने झोप लागते खरी, पण घशाचे स्नायू सैल पडून श्वास जास्त अडतो. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. पाठीवर न झोपता कुशीवर झोपा.

मे महिन्यात नागपूरची रात्रही तापलेली असते आणि शरीर थंड झाल्याशिवाय झोप लागत नाही. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडते.

उठण्याची वेळ मात्र एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही, आणि किमान सात तास झोप मिळेल अशा बेताने झोपायला जा. वजन हळूहळू उतरवा. शंभर किलोच्या माणसाने दहा किलो कमी केले तरी श्वास अडण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने घटू शकतं. बारीक माणसालाही हा आजार होतो, म्हणून नुसत्या वजनावरून निष्कर्ष काढू नका.

डॉक्टरांनी सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, दिलं तर पहिले काही दिवस मास्क टोचेल, नाक कोरडं पडेल. दिवसा टीव्ही बघताना तासभर लावून सवय करा आणि मास्कचं माप बदलून मागा. वजन उतरल्यावर मशीन आपल्या मनाने बंद न करता पुन्हा तपासणी करून घ्या. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं प्रमाणही तेव्हाच डॉक्टरांकडून ठरवून घ्या.