फ्लेक्स गुंडाळून ठेवा, आधी गोठा बघा

गावात वन्यजीवांबद्दल जनजागृती करायला निघालेल्या नव्या पोरांच्या हातात हमखास दोन गोष्टी असतात : फ्लेक्स आणि माइक. मीही तशीच सुरुवात केली होती. 'बिबट्या आपला शेजारी' असं छापलेला सहा फुटी फ्लेक्स शाळेच्या भिंतीवर लावून आलो. आठवड्याने गेलो तर भिंत रिकामी. फ्लेक्स सापडला शेळ्यांच्या गोठ्यात, कुडाला पडलेल्या भोकावर सुतळीने आवळून बांधलेला. दोन रात्रींपूर्वी त्याच भोकातून शेजारी आत येऊन गेला होता.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झालाय.

पहिले दोन-तीन आठवडे काहीही शिकवायचं नाही. एक दोनशेपानी वही घ्यायची आणि घरोघर फिरायचं. कुणाचं जनावर गेलं, कोणत्या महिन्यात, चरताना की बांधलेलं असताना, दाराला कडी होती का, आणि मेलेलं जनावर प्रत्यक्ष कुणी पाहिलं? हा शेवटचा प्रश्न सोडू नका, कारण मोकाट कुत्र्यांनी फाडलेल्या शेळ्याही बिबट्याच्या नावावर जमा होतात. बिबट्या बहुधा गळा धरतो, सुळ्यांची खोल भोकं दिसतात. कुत्री मागून मांड्यांचे, पोटाचे लचके तोडतात. पण हे सभेत सांगून कुणाला खोटं पाडू नका; मेलेल्या शेळीजवळ मालकाबरोबर उकिडवे बसा आणि दोघं मिळून बघा. वनखात्याकडून भरपाई मिळत असेल तर जनावर हलवायच्या आत फोटो काढा आणि अर्ज त्याच दिवशी भरायला बसा. एक अर्ज मार्गी लागला की पुढच्या सभेला माणसं बोलवावी लागत नाहीत.

आता गोठा. रात्री बंद गोठ्यात झालेलं नुकसान वहीतून वेगळं काढा, कारण तेवढंच तुम्हाला खरोखर थांबवता येतं. आत शिरलेल्या बिबट्यापुढून शेळ्यांना पळायला जागा नसते. त्या उधळत राहतात आणि तो एकीवर न थांबता मारत सुटतो. एकाच रात्री पाच-सहा गेल्या की माणूस विषाची बाटली शोधतो, आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. लडाखमध्ये हिमबिबट्याचं असंच व्हायचं. तिथे गोठ्यांच्या छताला लाकडी चौकटीत तारेची जाळी बसवली, दारं भक्कम केली.

तपासणी सोपी आहे. दिवसाउजेडी मालकाला घेऊन आत जा, दार लावून घ्या, आतला दिवा बंद करा. डोळे सरावले की जिथून जिथून उजेड येतो ती प्रत्येक फट खडूने खुणावा. छप्पर आणि भिंत यांच्यामधली फट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. डोकं शिरेल एवढीही जागा ठेवायची नाही. जाळी तुम्ही आणा, पण खांब आणि मेहनत मालकाची. फुकट बसवून दिलेली जाळी तुटली की तुम्हालाच फोन येतो!

दिव्यांबद्दल हमखास विचारतात. केनियातल्या रिचर्ड तुरेरे या शाळकरी मुलाने गुरांजवळ सिंह येऊ नयेत म्हणून लुकलुकणारे दिवे जोडले होते. मीही लावून पाहिले. उपयोग होतो, पण ते एकाच जागी ठेवले तर जनावर सरावू शकतं, म्हणून जागा बदलत राहा. आणि दिवे आहेत म्हणून जाळी टाळू नका.

सभा भर संध्याकाळी ठेवली तर बायका येत नाहीत, आणि गोठ्याचं दार रात्री नीट लागतं की नाही हे बहुतेक वेळा त्यांनाच ठाऊक असतं. वेळ त्यांना विचारून ठरवा. आसामात पूर्णिमादेवी बर्मन यांनी हरगिला या करकोच्याचं काम गावातल्या बायकांना हाताशी धरूनच उभं केलं. त्याआधी लोक त्याला घाणेरडा, अपशकुनी पक्षी म्हणून त्याच्या घरट्यांची झाडं तोडत.

शाळेत जायचं ते यानंतर, आणि तिथेही वर्गात बसायचं नाही. पोरांना ओल्या वाळूकडे न्या. ठसा सापडला की भोवती पुठ्ठ्याची पट्टी रोवा. दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि एक भाग पाणी कालवा. थेट ठशावर ओतू नका. कडेने सोडा, आपोआप पसरतं. मग अर्धा तास हात लावायचा नाही. पहिला साचा मी घाईने उचलला आणि बिबट्याची दोन बोटं वाळूतच राहिली. पोरं अजून हसतात. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात सहसा दिसत नाहीत, आणि त्याच्या पंजाच्या मधल्या गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात. एवढं कळलं की पोरं घरी जाऊन मोठ्यांना सांगतात, "बाबा, काल आला तो कुत्रा होता."

सहा महिन्यांनी वही पुन्हा उघडा आणि जाळी बसलेले गोठे एकेक करून तपासा. वही तुमच्या पिशवीत नको, शाळेतही नको. सुट्टीत तिथे कुलूप असतं. गुराख्याच्या घरी ठेवा. त्याला लिहिता येत नसेल तर त्याची मुलगी लिहील.