हेलिकोबॅक्टर पायलोरीवरची लुईस साखर कधी दिसते, कधी गायब : चाचणीतल्या या चुका टाळा

जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा जो स्ट्रेन (वाण) अँटीबॉडीच्या चाचणीत आधी लुईस एक्स पॉझिटिव्ह होता तोच आता निगेटिव्ह आला, की पहिला संशय अँटीबॉडीवर जातो. नवी कुपी मागवण्याआधी जिवाणूच बदलला आहे का, ते बघा.

या जिवाणूच्या एलपीएसमधल्या (बाहेरच्या आवरणातला साखर-मेदाचा रेणू) ओ-साखळीवर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या साखरेच्या साखळीवर, लुईस एक्स आणि लुईस वाय या साखरेच्या रचना असतात. आपल्या जठराच्या अस्तरावरही त्याच सापडतात. त्यांच्यावर फ्यूकोज ही साखर चढवणारी एन्झाइमे बनवणाऱ्या फ्यूट-ए, फ्यूट-बी आणि फ्यूट-सी या जनुकांत ओळीने अनेक सी (सायटोसिन, डीएनएचे एक अक्षर) येतात. डीएनएची नक्कल होताना इथे धागा घसरतो आणि एखादा सी वाढतो किंवा गळतो. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचण्याची वाचनचौकट मोडते, एन्झाइम अर्धवट बनते. ई. कोलायसारखी म्यूट-एस, म्यूट-एल या प्रथिनांकडून होणारी नकलेतल्या चुकांची दुरुस्ती या जिवाणूत नाही, त्यामुळे चूक टिकून राहते. पुढे कधीतरी उलटी घसरण झाली की जनुक पुन्हा चालू.

थोड्या वसाहती तपासून ‘बदल नाही’ म्हणणे

एनसीटीसी ११६३७ या स्ट्रेनमध्ये बदललेल्या वसाहती ०.२ ते ०.५ टक्के मिळाल्याची नोंद आहे. वारंवारता ०.३ टक्के धरली, तर २०० वसाहती तपासून एकही न सापडण्याची शक्यता ५५ टक्के, म्हणजे जवळजवळ नाणेफेकच. ९५ टक्के खात्री हवी असेल तर साधारण १,००० वसाहतींचा कॉलनी ब्लॉट (वसाहती पटलावर उचलून अँटीबॉडीने तपासणे) करा. बदललेली वसाहत सापडली की ती प्लेटवर पुन्हा पसरून एकेरी वसाहत वेगळी करा आणि ब्लॉट परत करा. मिश्र वसाहती नेहमीच फसवतात.

पीसीआरच्या घसरणीला जिवाणूची घसरण समजणे

इथे सर्वाधिक वेळ वाया जातो. पीसीआरमध्ये, म्हणजे नळीत डीएनएच्या प्रती काढताना, सी-च्या लांब ओळीवर नक्कल करणारे एन्झाइम पॉलिमरेझही घसरते आणि डीएनएचा क्रम वाचणाऱ्या सँगर आलेखात ओळीनंतरची शिखरे एकमेकांवर चढतात. उच्च-अचूकतेचे एन्झाइम वापरा, तुकडा लहान ठेवा, दोन्ही बाजूंनी वाचा. ओळीची लांबी माहीत असलेला प्लाझमिड (डीएनएचे छोटे वर्तुळ) तुलनेसाठी त्याच रनमध्ये ठेवा. त्यातही ‘मिश्रण’ दिसले, तर ते तुमच्या पीसीआरचे आहे. फ्यूट-ए आणि फ्यूट-बी एकमेकांशी फार मिळतीजुळती आहेत. जनुकाच्या आतले प्रायमर (नक्कल कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) दोन्ही उचलतात, म्हणून निदान एक प्रायमर शेजारच्या जनुकात बसवा.

चौकट जुळली म्हणजे साखर आलीच, असे धरणे

ओळीची लांबी तीनने बदलली तर चौकट टिकते, पण ‘चालू’ लांबी कोणती ते त्या स्ट्रेनच्याच क्रमावरून ठरवा. दुसऱ्या स्ट्रेनचा आकडा उसना घेऊ नका. फ्यूट-सीमध्ये चौकट डीएनएवर तुटलेली असूनही रायबोसोम कधीकधी चौकट ओलांडून थोडे पूर्ण एन्झाइम बनवतो. फ्यूट-ए आणि फ्यूट-बीच्या शेपटीत २१ अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो. किती लांबीच्या ओ-साखळीवर फ्यूकोज चढेल हे त्याच्या प्रतींवर अवलंबून असते. म्हणजे जनुक चालू असूनही, जेलवर वेगळे केलेले एलपीएस अँटीबॉडीने तपासताना ब्लॉटवरचा पट्टा सरकू शकतो.

निकाल वाचताना आधी सिल्व्हर स्टेन (एलपीएस दाखवणारा चांदीचा रंग) पाहा: प्रोटिनेज-के हे प्रथिने पचवणारे एन्झाइम दिलेल्या पेशींच्या जेलवर ओ-साखळीची शिडीच नसेल, तर लुईस शोधण्यात अर्थ नाही. शिडी आहे, वाय गेला आणि एक्स वाढला, तर फ्यूट-सी तपासा; वायमध्ये एक्सपेक्षा एक फ्यूकोज जास्त असते आणि ते तिथून येते. दोन्ही गेले तर फ्यूट-ए, फ्यूट-बी, आणि त्यातूनही उत्तर मिळाले नाही तर साखळीचा कणा बनवणारी गॅलॅक्टोज जोडणारी जनुके.

प्लेटवरून प्लेटवर फिरवत राहणे

घन माध्यमावर वारंवार पुनर्लागवड केली की ओ-साखळी हरवलेले, खरबरीत एलपीएसचे प्रकार वर येतात. द्रव माध्यमात वाढवल्यावर काही स्ट्रेनमध्ये ती परत येते. रुग्णाच्या नमुन्यातून आलेली पहिलीच वाढ २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर अनेक कुप्यांत साठवा, आणि प्रत्येक प्रयोगाची सुरुवात नव्या कुपीतून करा. एक कुपी अनेक वसाहतींच्या सरमिसळीची, दुसरी एकाच वसाहतीची ठेवा. वितळवलेली कुपी परत गोठवू नका. वहीत कितवी पुनर्लागवड ते लिहा, नाहीतर महिन्यानंतरच्या तुलनेला काही अर्थ उरत नाही.

बॅब-एशी गल्लत

बॅब-ए हे जिवाणूचे चिकटणारे प्रथिन माणसाच्या पेशीवरच्या लुईस बी-ला धरते. लुईस एक्स आणि वायच्या चर्चेत ते आणू नका. बॅब-एही चालू-बंद होते, पण त्याचा तपास वेगळा.