टेट्राडिमाइटचा पापुद्रा कसा ओळखायचा

परवा शेजारचा मुलगा तुर्भ्याकडच्या दगडखाणीजवळ मिळालेला एक चमकणारा खडा घेऊन नौपाड्यात माझ्या घरी आला. "काकू, हा बिस्मथ आहे का?" खडा ॲपोफिलाइटचा होता, चांगला होता. पण बिस्मथ हा जड धातू आपल्या डोंगरात शोधायला जाऊ नकोस, हे मी त्याला आधी सांगितलं. पारसिकचा डोंगर लाव्हाच्या काळ्या कातळाचा. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट, प्रेहनाइट, ॲपोफिलाइट अशी खनिजं भरतात. टेट्राडिमाइट, म्हणजे बिस्मथ असलेलं एक खनिज, सापडतो तो गरम पाण्याने भरलेल्या गारगोटीच्या शिरांत, बऱ्याचदा सोन्याच्या सोबतीने.

मग ठाण्यात बसून गोळा कसा करायचा? देवघेवीने. आपल्या ॲपोफिलाइट-स्टिल्बाइटला परदेशात मान आहे. मी हिरवट ॲपोफिलाइटचा एक झुबका देऊन स्लोव्हाकियातल्या झुप्कोव्हचा तुकडा घेतला: पांढऱ्या गारगोटीत नखाएवढा करडा पापुद्रा. हे खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं ते तिथल्याच नमुन्यांवरून, १८३१ साली. चार स्फटिक एकत्र जुळून वाढतात म्हणून ग्रीक भाषेतल्या 'चौपट' या अर्थाच्या शब्दावरून नाव पडलं. तसे जुळे स्फटिक मात्र क्वचितच मिळतात. हाती येतात ते पापुद्रेच.

विकत घेताना दोन गोष्टी सांभाळा. इंद्रधनुषी पायऱ्या-पायऱ्यांचे जे बिस्मथ प्रदर्शनांत मांडलेले असतात, ते वितळवलेल्या धातूपासून माणसाने वाढवलेले असतात. बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसलाच वितळतो, त्यामुळे ते सोपं आहे. सुंदर दिसतात, घ्या खुशाल, पण खनिज म्हणून नको. दुसरी गोष्ट, नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका. एका विक्रेत्याने मला बिस्मथिनाइट (बिस्मथ आणि गंधकाचं खनिज) म्हणून करड्या सुयांची जुडी दिली होती. घरी वजन केलं आणि ती स्टिब्नाइट निघाली, म्हणजे अँटिमनीचं खनिज. दिसायला दोन्ही सख्खी भावंडं.

ते वजन कसं करायचं ते नीट सांगते, कारण घरच्या घरी यापेक्षा खात्रीची परीक्षा नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. नमुना कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. पाणी उकळून गार केलेलं असावं, नाहीतर बुडबुडे चिकटतात. नमुना बारीक तंगुसाला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. आता जो आकडा दिसतो तो नमुन्याने सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागलं की विशिष्ट गुरुत्व मिळतं, म्हणजे नमुना पाण्याच्या किती पट जड ते. माझी ती जुडी ११.५० ग्रॅम होती आणि पाण्यातला आकडा २.५० आला. भागाकार ४.६. बिस्मथिनाइट असता तर ६.८च्या आसपास यायला हवा होता. टेट्राडिमाइटचा ७.३च्या जवळपास येतो. नमुन्याला गारगोटी चिकटलेली असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, आणि तुकडा ग्रॅमभरापेक्षा लहान असेल तर काट्याची चूक फार मोठी होते.

तेव्हा नखाकडे वळायचं. टेट्राडिमाइट इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो आणि कागदावर घासला की पेन्सिलीसारखी रेघ येते. त्याचं पाटन, म्हणजे सपाट थरांत सुटणं, एकाच दिशेला, अगदी स्वच्छ. सुईच्या टोकाने कडेचा पापुद्रा हलकेच उचला: तो वाकतो आणि वाकलेलाच राहतो. अभ्रकाचा पापुद्रा वाकवून सोडला की परत सरळ होतो, हा होत नाही. मॉलिब्डेनाइट हे मॉलिब्डेनमचं खनिजही असंच मऊ आणि वाकणारं असतं, पण हाताला हलकं लागतं (विशिष्ट गुरुत्व ४.७), आणि चकचकीत चिनी मातीवर त्याची रेघ हिरवट उमटते. गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, टेट्राडिमाइटइतकाच जवळजवळ जड, तिथे वजन उपयोगाचं नाही. पण गॅलेना फुटतो तेव्हा काटकोनी ठोकळे पडतात, पापुद्रे निघत नाहीत.

रबाळ्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी २६ वर्षं काढली. तिथे धूरकक्षात (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या बंदिस्त कपाटात) एकदा कणभर टेट्राडिमाइट तीव्र सल्फ्युरिक आम्लात कोमट केला, आणि आम्ल जांभळट लाल झालं. तो टेल्युरियमचा रंग. आजही डोळ्यांसमोर आहे. घरी हे करू नका, ओट्यावर तर नकोच.

टेट्राडिमाइटमध्ये बिस्मथ, टेल्युरियम आणि गंधक तिन्ही असतात. त्याच्यासारखंच दिसणारं टेल्युरोबिस्मथाइट, त्यात गंधक नसतं. घरच्या परीक्षेत हे दोघे वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी यंत्रच हवं. पवईच्या आयआयटीतली 'सैफ' ही सुविधा बाहेरच्यांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासते. काय शोधायचं आहे ते आधी लिहून न्या.

जपणूक: ब्रश खारीच्या केसांचा, फुंकणी कॅमेऱ्याची. टूथब्रश, आम्ल, साबण काही नाही. आपल्या पावसाळ्यात खरा धोका शेजारच्या पायराइटला (लोखंड आणि गंधकाच्या खनिजाला), तो ओल धरून कुजतो आणि त्याचं आम्ल डबीभर पसरतं. म्हणून जूनच्या आधीच झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी घालते आणि दर पंधरा दिवसांनी तिचा रंग बघते.

चिठ्ठीवर खाण, गाव, देश, कोणाकडून, कधी, आणि केलेल्या परीक्षांचे आकडे लिहा. जुनी चिठ्ठी आली असेल तर ती फाटकी, डागाळलेली असली तरी डबीतच राहू द्या. माझ्या झुप्कोव्हच्या तुकड्यासोबत शाईने लिहिलेली अशीच एक पिवळट चिठ्ठी आहे. तिच्यावरचा नंबर दगडाच्या मागे रंगवलेल्या नंबराशी जुळतो.