एम-आरएनए मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचतो कसा, आणि माझे चार महिने गेले कुठे

आधी साफ सांगते. एमएस्सीच्या डेझर्टेशनला हा विषय 'भारी वाटतो' म्हणून घेत असाल, तर घेऊ नका. मी सोलापुरात यीस्टवर घेतला आणि चार महिने पाण्यात गेले. यीस्ट बिचारं गुणी होतं, घोळ बफरमध्ये, म्हणजे ज्या द्रावणात पेशी फोडतात त्यात, होता.

पाया तुम्हाला ठाऊक आहेच. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या, स्वतःच्या डीएनएत जेमतेम 13 प्रथिनांची माहिती असते. बाकी हजारावर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रवात बनतात आणि टॉम नावाच्या दारातून आत जातात. त्यांचा एम-आरएनए, म्हणजे प्रथिन बनवायच्या माहितीची जनुकावरून काढलेली नक्कल, मात्र आत शिरत नाही. अनेकांचा बाहेरच्या पटलाला लागून थांबतो. दर सेमिनारला कुणीतरी त्याला आत नेऊन बसवतंच.

तो दोन वाटांनी येतो. काहींच्या 3 प्राइम टोकाला, म्हणजे शेपटीकडे, कुठे जायचं तो पत्ता लिहिलेला असतो. यीस्टमध्ये पफ-3 नावाचं प्रथिन तो ओळखतं. दुसरी वाट कळायला मला आमच्या पूर्व भागातला माग आठवावा लागला. प्रथिन बनवणारा रायबोसोम म्हणजे माग, एम-आरएनए म्हणजे जकार्डच्या, नक्षी ठरवणाऱ्या भोकांच्या पत्त्यांची माळ, आणि प्रथिन म्हणजे चादर. चादर अजून विणून व्हायचीय, पण तिचं बाहेर आलेलं टोक दारावरच्या टॉम-20 ने धरलंय. मग माग तिथेच अडकतो आणि पत्त्यांची माळही.

आता माझा खड्डा. मायटोकॉन्ड्रिया वेगळे करायचा नेहमीचा बफर मी एका सीनिअरच्या वहीतून जसाच्या तसा उतरवला: सुक्रोज, मॉप्स, ईडीटीए. मे महिना, बर्फ रसवंतीवाल्याकडून आणायचा, सेंट्रिफ्यूज थंड होईपर्यंत लाइट जायची. तरी मायटोकॉन्ड्रिया सुंदर मिळायचे. आरटी-पीसीआरला (कोणता आरएनए किती आहे ते दाखवणारी चाचणी) मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा 21एस आरएनए दणदणीत, केंद्रकातल्या एटीपी-2 जनुकाचा एम-आरएनए गायब. एटीपी-2 चा एम-आरएनए मायटोकॉन्ड्रियाला चिकटलेला असतो हे आधीच माहीत असलेलं, म्हणजे चूक माझीच. मी मात्र आरएनए तुटतोय असं धरून हातमोजे बदलत बसले.

सुटका केली लॅबमधल्या मामांनी. ते बीएस्सीच्या प्रॅक्टिकलची तयारी करत होते, बोअरच्या पाण्याचा जडपणा मोजायची. माझी ईडीटीएची बाटली बघून म्हणाले, "ताई, हे तर मॅग्नेशियम धरून ठेवणारं. तुमच्यात कशाला घालता?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

रायबोसोमचे दोन भाग मॅग्नेशियमच्या आधारावर एकत्र राहतात. ईडीटीएने ते काढून घेतलं की मागाचे नटबोल्ट काढल्यासारखं होतं. भाग सुटतात, पत्त्यांची माळ खाली पडते, आणि आपण ती सेंट्रिफ्यूजनंतर वर उरलेल्या पाण्याबरोबर बेसिनमध्ये ओततो. बरं, 21एस कसा दिसत होता? तो आतला, दोन पटलांमागे सुरक्षित. बाहेर काय सांडलं हे तो सांगूच शकत नाही. तो कंट्रोल, म्हणजे प्रयोग नीट झाला का हे ताडून बघायचा नमुना, नव्हताच, मी त्याला कंट्रोल म्हणत होते! बाहेर चिकटणारा एक आणि पेशीद्रवातला एक (मी ॲक्ट-1 घेतला), दोन्ही लावा. आणि वरचं पाणी फेकू नका. कधीच.

यात तुमची अक्कल काढायचा हेतू नाही. हा बफर प्रथिनांच्या आयातीसाठी उत्तमच आहे, फक्त प्रश्न वेगळा आहे. ईडीटीए काढून मॅग्नेशियम घातलं, पेशी फोडण्याआधीच माग जागच्या जागी गोठवणारं सायक्लोहेक्झिमाइड दिलं, आणि पंधरा दिवसांत एटीपी-2 दिसला. पेशीभित्तिका विरघळवायला अर्धा तास जातो, तेवढ्यात माग रिकामे होतात, म्हणून ते आधी.

पण सायक्लोहेक्झिमाइडही थोडं खोटं बोलतं. माग गोठला की अर्ध्या चादरीला दार शोधायला जास्त वेळ मिळतो, आणि एरवी तिथे न थांबणारेही गर्दी करतात. 2014 मध्ये यीस्टवर, 2019 मध्ये मानवी पेशींवर हा फरक दाखवलेला आहे. ते दोन पेपर वाचा, तयार नोट्स नकोत. गाइड निवडताना प्रकाशनांची यादी नंतर बघा. "बफरमध्ये हे का?" असं विचारल्यावर चिडतो का, ते आधी बघा. माझे चिडायचे.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं, "प्युरोमायसिन?" ते अर्धवट प्रथिन सोडवतं. त्यानंतरही एम-आरएनए टिकला तर तो स्वतःच्या पत्त्यावर आलेला. यीस्टच्या अख्ख्या पेशीत ते नीट शिरत नाही, वेगळ्या केलेल्या मायटोकॉन्ड्रियावर द्यावं लागतं. मी दिलं नव्हतं. "वाहून नेला जातो" हे डेझर्टेशनच्या शीर्षकातलं वाक्य त्यांनी खोडलं आणि पेन्सिलने वर लिहिलं, "जवळ आढळतो". बांधलेल्या प्रतीत ते तसंच आहे.